फाँटहिल ॲबी : बारा फुटी भिंतीमागचं घर आणि त्याच्या नादी लागलेला इंग्लंड

जुनीवाट (धागालेखक)

इंग्लिश इस्टेट म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे टीव्ही सिरीयलमधली घरं येतात, हिरवळ, बटलर, दुपारचा चहा वगैरे. पण रोमँटिक काळात म्हणजे चित्रकार टर्नर आणि कॉन्स्टेबल, कवी बायरन ह्यांच्या काळात ज्या इस्टेटीने लोकांना अक्षरशः वेड लावलं ती आज जवळपास उरलेलीच नाही, आणि उभी होती तेव्हाही बहुतेकांनी ती लांबूनच बघितलेली. विल्टशायरमधली फाँटहिल ॲबी. सॉल्झबरीच्या पश्चिमेला, हिंडन आणि टिसबरी ह्या छोट्या गावांच्या आसपास. नाव ॲबी असलं तरी मठबिठ कधीच नव्हता, एका माणसाची हौस होती ती.

माणूस म्हणजे विल्यम बेकफर्ड. १७७० मध्ये वडील गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा. वडील दोनदा लंडनचे लॉर्ड मेयर झालेले आणि जमैकात उसाचे मळे, त्यामुळे पोरगं एका दिवसात देशातल्या सगळ्यात श्रीमंत लोकांत जाऊन बसलं. एकविसाव्या वर्षी ह्याने फ्रेंचमध्ये 'वाथेक' नावाची खलिफाची गोष्ट लिहिली, त्यातला खलिफा आकाशाला भिडणारा मनोरा बांधतो आणि शेवटी पाताळात जातो. (बायरनला ती फार आवडायची.) लोकांनी नंतर ह्याचं घर आणि ती गोष्ट कायम एकमेकांत मिसळून टाकली.

१७८४ मध्ये एका तरुण सरदारपुत्राशी ह्याचं नाव जोडलं गेलं, पेपरवाल्यांनी उचलून धरलं, खटला कधीच झाला नाही पण समाजातून उठला तो कायमचा. दोन वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये बाळंतपणात बायको गेली. मग बरीच वर्षं पोर्तुगाल, फ्रान्स असं फिरून झाल्यावर ह्याने इस्टेटीला कुंपण घातलं, म्हणजे बारा फूट उंच भिंत, वर लोखंडी खिळे, लांबी सहा-सात मैल. कारण असं की आजूबाजूचे उमराव कोल्ह्यांच्या मागे कुत्री सोडून ह्याच्या जमिनीतून घोडे दौडवायचे आणि ह्याला शिकारीचा मनस्वी तिटकारा. आत शिकार पूर्ण बंद, ससे म्हणे माणसाच्या पायाशी यायचे.

आणि १७९६ पासून आत जे बांधकाम सुरू झालं ते मूळात बागेतलं एक खोटं भग्नावशेष होणार होतं, पडक्या मठासारखं दिसणारं, दोनचार खोल्या बसायला. त्या काळी बागेत मुद्दाम पडकी भिंत बांधायची फॅशनच होती. आर्किटेक्ट जेम्स वायट, हुशार पण अतिशय बेभरवशाचा, बोलावलं की गायब. काम वाढत वाढत गेलं, पडक्याचं घर झालं, घराचं कॅथीड्रल झालं, मधोमध मनोरा. बेकफर्डला दम नव्हता, पाचशे माणसं दिवसपाळी रात्रपाळीने, रात्री मशाली आणि शेकोट्यांच्या उजेडात. आसपासच्या गावांतून टेकडीवर रात्रभर आग दिसायची आणि मनोरा चढताना दिसायचा, भिंतीमुळे बाकी काही नाही. अफवा उठणारच, काळी जादू करतो इथपर्यंत. १८०० मध्ये वाऱ्याने मनोरा पडला तर ह्याला दुःख एवढंच झालं म्हणे की पडताना बघायला मिळाला नाही. लगेच परत बांधायला घेतला.

शेवटी जे उभं राहिलं त्याचा मनोरा जवळपास पावणेतीनशे फूट. उत्तर-दक्षिण तीनशे फुटांहून जास्त लांबीची सरळ नजर, एका टोकाला उभं राहिलं की गॅलरी, मधला अष्टकोनी दिवाणखाना, पुन्हा गॅलरी, आणि अगदी शेवटी देवघरासारखी खोली मेणबत्त्यांत. लाल पडदे, रंगीत काचा. पश्चिमेचा दरवाजा एवढा प्रचंड की तो उघडायला पेरो नावाचा बुटका नोकर उभा करायचे, म्हणजे दार आणखी मोठं वाटतं. एडमंड बर्कने १७५७ मध्ये भव्यतेवर जे पुस्तक लिहिलं त्यात माणूस कशाने थरारतो ते सांगितलंय, अफाटपणा, अंधार, न संपणारी लांबी. ती सगळी यादी बेकफर्डने दगडात उतरवली, आणि राहायचं कसं हा प्रश्न मात्र कुणी विचारलाच नाही. झोपायच्या खोल्या वर कुठेतरी, गोल जिन्याने चढून जायचं, कोंदट, थंड. तरी १८०७ मध्ये हा वडिलांचं चांगलं ऐसपैस घर पाडून इथे राहायला आला, सोबत डॉक्टर, नोकर आणि कुत्री.

माझं म्हणणं असं की फाँटहिलची ओढ घरापेक्षा भिंतीने तयार केली. उघडं असतं तर लोक आले असते, बघितलं असतं, चार नावं ठेवून गेले असते. वीसेक वर्षं नुसता मनोरा दिसत राहिला म्हणून १८२२ मध्ये फाटक उघडल्यावर जे झालं ते झालं. ते खाली लिहितो, आधी जेवून येतो.

ओलीमाती

वाचतेय, लवकर जेवा. तोवर माझी भर. टर्नर १७९९ मध्ये फाँटहिलला तीन आठवडे राहून स्केचेस करत होता, त्यातून झालेली पाच जलरंगचित्रं १८०० च्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात होती. गंमत अशी की तेव्हा मनोरा पूर्ण झालेलाच नव्हता! त्या चित्रांत ॲबी लांबवर, उन्हात किंवा धुक्यात, पुढे झाडं, दरी, मजूर. म्हणजे घर बांधून व्हायच्या आधी त्याचं रोमँटिक चित्र लंडनच्या भिंतीवर लागलेलं, तुमच्या भिंतीच्या मुद्द्याला हे जोडून घ्या. जाहिरातच म्हणा ना.

खडूसकाका

लेख छान पण 'जमैकात उसाचे मळे' एवढ्यावर भागवलंत. मळे कोण राबवत होतं? साहेबाने मशालीत मनोरे बांधायचे आणि आपण दोनशे वर्षांनी वा वा करायचं. रोमँटिक काळ म्हणे.

जुनीवाट

काका मुद्दा बरोबर आहे आणि तो मी खालच्या भागासाठीच ठेवला होता, आता इथेच घेतो. बेकफर्ड घराणं पणजोबांपासून जमैकातलं, आणि सगळी कमाई आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या जिवावर, ह्यात आडपडदा काही नाही. हा स्वतः जमैकात कधीच गेला नाही. १७८७ मध्ये घरच्यांनी जबरदस्तीने जहाजात बसवलं, मळ्यांकडे लक्ष दे म्हणून, तर हा बोट लागते म्हणून लिस्बनलाच उतरला आणि पोर्तुगालमध्ये राजेशाही थाटात राहिला. ज्या लोकांमुळे त्याची एकेक काच बसली त्यातला एक माणूस त्याने मळ्यावर जाऊन पाहिला नाही.

आणि ॲबी हातातून गेली तीही त्याच मळ्यांमुळे, साखरेचे भाव पडले, काही मळे कोर्टकज्जात गेले, कर्ज वाढलं आणि ह्याचा खर्च तर कधी कमी झालाच नाही. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद केली तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली ती मालकांना, गुलामांना छदाम नाही. त्या काळच्या प्रवाशांनी फाँटहिलवर रकानेच्या रकाने लिहिले, पडद्यांचा रंग लिहिला, गालिचे मोजले, हा विषय मात्र बहुतेकांनी टाळला. साखर चहात घालायची आणि चहा घेत वर्णन लिहायचं.

खडूसकाका

हे वर हवं होतं. असो. चालू द्या.

चहाबाज

वाचनखूण साठवली. तो नेल्सन पण गेला होता ना तिथे? कुठेतरी वाचलंय.

जुनीवाट

हो हो. १८०० चा नाताळ. नाईलची लढाई जिंकून आलेला ब्रिटिश आरमाराचा नेल्सन, सोबत त्याची प्रेयसी एमा हॅमिल्टन आणि एमाचा नवरा, तिघं एकत्र. हे प्रकरण सगळ्या लंडनला माहीत, म्हणून बरीचशी प्रतिष्ठित मंडळी त्यांना टाळत होती, आणि बेकफर्डला सगळेच टाळत होते, तेव्हा जमलं त्यांचं. दिवसभर जुन्या घरात, आणि २३ डिसेंबरला अंधार पडल्यावर गाड्या ॲबीकडे निघाल्या, रस्ताभर झाडांत दिवे, मशाली धरलेली माणसं, लांबून वाजणारं संगीत. आत मठातल्यासारखं जेवण, चांदीच्या भांड्यांत, मग एमाने आग्रिपिना ह्या रोमन स्त्रीचा मूकाभिनय केला. ॲबी तेव्हा अर्धवट बांधलेली होती, पण रात्री काय दिसतंय! दिवसा नेलं असतं तर परांच्या आणि चुन्याचे ढीगच दिसले असते.

आता १८२२. बेकफर्डने घर लिलावाला काढलं, क्रिस्टीजकडे. आत यायचं तर एक गिनीचा कॅटलॉग घ्यायचा, तोच पास. ७२ हजार कॅटलॉग खपले असा आकडा सांगतात. सॉल्झबरीपासून सगळ्या खानावळी, सराया भरल्या, गाड्या आणि घोडे मिळेनात, टाइम्सने लिहिलं की फाँटहिलच्या वीस मैलांत रिकामी खुर्ची मिळाली तरी नशीबवान. उमराव, दुकानदार, पाद्री, कुटुंबकबिल्यासकट लोक. सगळ्यांना तो भिंतीमागचा माणूस बघायचा होता आणि तो कुठे दिसत नव्हता. लिलावाची तारीख पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि लिलाव झालाच नाही, घर आतल्या आत परस्पर विकून मोकळा. तीन लाख पौंडांहून जास्त किंमत. गर्दीने भाव वाढवून दिला आणि गर्दीच्या हाती कॅटलॉग राहिला, मला हा भाग सगळ्यात आवडतो.

ओलीमाती

सगळे भारावले होते असं मात्र नाही हं. समीक्षक हॅझलिटने त्याच वर्षी जाऊन जाम झोडपलंय, कॅथीड्रलचं खेळण्यांचं दुकान करून ठेवलंय, जगातल्या महाग आणि दुर्मीळ वस्तू एकत्र केल्यात पण त्यात मनाला धरेल असं काही नाही अशा अर्थाचं. मला तो पटतो. उलट कॉन्स्टेबल पुढच्या वर्षी सॉल्झबरीला मित्राकडे आला होता तेव्हा बघून आला आणि बायकोला पत्रात परीराज्य म्हणून लिहिलं. कॉन्स्टेबल म्हणजे पाणचक्क्या, ओले वासे, चिखल रंगवणारा माणूस, त्याला पण भुरळ पडली म्हणजे बघा. मला वाटतं हॅझलिट वस्तू बघायला गेला आणि कॉन्स्टेबल जागा.

जागेबद्दल तुम्ही फार कमी लिहिलंत जुनीवाट. बाग तर घराहून भारी होती. बिटम नावाचा तलाव, एखाद्या विवरात पाणी साठल्यासारखा दिसायचा म्हणतात, जुन्या खाणीत केलेली आल्पाइन बाग, अमेरिकेतून आणलेले मॅग्नोलिया, अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, आणि मैलोनमैल गवताळ वाटा ज्या मुद्दाम रानटी ठेवलेल्या. ताटवे नाहीत, कात्री मारलेली झाडं नाहीत. तेव्हाच्या पिक्चरेस्कवाल्यांना हेच हवं होतं, माणसाने केलंय पण केलेलं दिसायला नको.

सिव्हिलवाला

ऑफिसमधून टंकतोय त्यामुळे थोडक्यात. मनोरा परत पडला का? पडलाच असणार. मूळ पाया बागेतल्या छोट्या बांधकामाचा, त्यावर पावणेतीनशे फूट, हे ऐकूनच पोटात गोळा आला. पहिला मनोरा लाकडी सांगाडा आणि वरून सिमेंटचा लेप असला प्रकार होता असं वाचलंय, दगडासारखं दिसायला. शिवाय मधला अष्टकोनी हॉल वरपर्यंत मोकळा म्हणजे सगळं वजन आठ खांबांवर.

तुलनेला आपला राजाबाई टॉवर घ्या, गॉथिकच, २८० फूट, म्हणजे उंची जवळपास तीच, गिल्बर्ट स्कॉटचं डिझाइन, १८७८ ला पूर्ण. अजून उभा आहे कारण नीट बांधलाय एवढंच. मधल्या पन्नास-साठ वर्षांत इंग्रज गॉथिक बांधायला शिकले, वायटच्या काळात ते गॉथिकचा सेट लावत होते.

जुनीवाट

पडला ना. २१ डिसेंबर १८२५. त्याच्या आधीची गोष्ट ऐका. बेकफर्ड विकून बाथला गेल्यावर त्याला निरोप आला की बांधकाम बघणारा माणूस मरणाला टेकलाय आणि भेटायचंय. त्याने सांगितलं की मनोऱ्याखाली पायात ज्या उलट्या कमानी घालायच्या ठरल्या होत्या, ज्यांचे पैसेही घेतले होते, त्या घातल्याच नाहीत, कधीही पडेल. बेकफर्डने नव्या मालकाला कळवलं. मालक म्हणाला माझ्या हयातीपुरता टिकेल. नाही टिकला. सरळ खाली बसला, बराचसा भाग घेऊन, कुणी मेलं नाही, एक नोकर म्हणे आतल्या हवेच्या झोताने बोळातून लांब फेकला गेला. बेकफर्डला कळलं तेव्हा म्हणाला, मनोऱ्याने नव्या मालकाला मुजरा केला, मला कधी केला नव्हता.

चहाबाज

हा हा, मुजरा!! नवा मालक कोण होता पण?

बोरीबंदर

मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. नव्या मालकाचं नाव जॉन फर्कुहार, आणि हा माणूस करिअरच्या सुरुवातीला आपल्या मुंबईत होता. स्कॉटलंडात ॲबरडीनशायरमधला, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून आला, इथे कमरेला जखम झाली आणि जन्मभर लंगडा राहिला. फौज सुटली म्हणून बंगालला जाऊन व्यापार करायला लागला. रसायनशास्त्राचा नाद होता, कलकत्त्याजवळ पलता इथे कंपनीचा बारुदखाना होता तिथे काम धरलं, मग तिथला प्रमुख झाला आणि शेवटी बंगाल सरकारला बारूद पुरवायचा एकमेव ठेकेदार. पाचेक लाख पौंड घेऊन इंग्लंडला परत गेला.

कंजूष एवढा की जहाजातून उतरल्यावर गाडीभाडं नको म्हणून ग्रेव्हझेंडहून लंडनपर्यंत चालत गेला अशी गोष्ट सांगतात, आणि धुळीने माखलेला बँकेत शिरला तर कारकुनांना वाटलं भिकारी आलाय. लंडनला बेकर स्ट्रीटकडे कळकट घरात राहायचा. असा माणूस इंग्लंडातलं सगळ्यात उधळं घर का घेतो हे कोडंच आहे. मनोरा पडल्यावर म्हणाला म्हणे की बरं झालं, आता घर मला राहण्याजोगं छोटं झालं. पुढच्याच वर्षी, १८२६ ला वारला, मृत्युपत्र न करता.

म्हणजे हिशेब असा की ॲबी बांधली जमैकाच्या साखरेने आणि विकत घेतली बंगालच्या बारुदाने. खडूसकाका, तुमच्यासाठी खास.

खडूसकाका

घ्या! दोन्हीकडून आपलीच ठासली. एकाची तोफ, एकाचा चाबूक. (हे मात्र मस्त शोधून काढलंत बोरीबंदर.)

बोरीबंदर

अवांतर : बेकफर्डच्या संग्रहात टिपू सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा जेडचा हुक्का पण होता. १७९९ नंतर श्रीरंगपट्टणची लूट लंडनच्या बाजारात आली त्यातून टिपूच्या नावावर काय काय विकलं गेलं त्यावर वेगळा धागा होईल. त्या घरात जपानी लाखेच्या पेट्या, मुघल जेड, फ्रेंच राजवाड्यांतलं फर्निचर सगळं शेजारी शेजारी. हॅझलिटने खेळण्यांचं दुकान म्हटलं त्यात चूक काय.

ओलीमाती

चूक नाही पण हॅझलिटच्या वाक्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. त्या वस्तू बेकफर्डने निवडल्या होत्या नीट डोळसपणे. बेलिनीचं डोज (म्हणजे व्हेनिसचा प्रमुख) लोरेदान, राफाएलची सेंट कॅथरीन, ही दोन्ही चित्रं पुढे लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्याच्याकडूनच घेतली. आणि १८२३ ला फिलिप्स ह्या लिलाववाल्याने ॲबीतल्या सामानाचा लिलाव केला तेव्हा बाहेरून आणलेला माल बेकफर्डचा म्हणून घुसडला, म्हणजे ह्याच्या नावालाच बाजारात किंमत आली होती.

दारोदार

मस्त चर्चा. भिंतीवरून आठवलं, तो भिंतीआड घुसलेल्या पोराचा किस्सा कुणी सांगितलाच नाही!

जुनीवाट

तुम्हीच सांगा, मी टंकून दमलो.

दारोदार

सांगतो. फ्रिथ नावाचा चित्रकार होता व्हिक्टोरियन काळातला, त्याने आठवणींत लिहिलंय. त्याच्या नात्यातला एक तरुण पैजेवर ॲबीच्या आवारात घुसला. बागेत एक माणूस भेटला, ह्याला वाटलं माळी. त्या माळ्याने प्रेमाने बाग दाखवली, फळं दिली, म्हणाला घर पण बघायचंय का, आणि सगळं घर फिरवून झाल्यावर सांगितलं मीच बेकफर्ड. जेवायला ठेवून घेतलं, सुंदर गप्पा झाल्या, अकरा वाजता यजमान उठून गेला तो परत आलाच नाही. नोकर आला, पोराला दाराबाहेर काढलं आणि साहेबांचा निरोप दिला की जसे आलात तसे बाहेर जा, आणि बागेत रात्री शिकारी कुत्री सोडलेली असतात तेवढी सांभाळा. रात्रभर झाडावर बसून होता गडी.

चहाबाज

लोल. एवढा खानदानी छळ पहिल्यांदाच वाचला.

सिव्हिलवाला

म्हणजे बेकफर्डला माणसं नको होती असं नाही, स्वतःच्या अटीवर हवी होती.

जुनीवाट

अगदी. म्हणूनच मला तो संन्यासी वगैरे वाटत नाही, लोक त्याला फाँटहिलचा मठाधिपती म्हणायचे ते त्याला आवडायचंच. पत्रांत कुढायचा की कुणी येत नाही, आणि भिंत पण पाडायची नाही. बायरनने तर १८०९ मध्ये पोर्तुगालला सिंत्रामध्ये बेकफर्डचं सोडून दिलेलं भाड्याचं घर बघितलं, मोन्सेराट, आणि 'चाइल्ड हॅरल्ड' ह्या आपल्या कवितेत त्याच्यावर ओळी लिहिल्या, इंग्लंडचा सर्वात धनवान सुपुत्र म्हणून. घर रिकामं, गवत वाढलेलं, मालक बदनाम आणि गायब, बायरनला अजून काय पाहिजे कवितेला.

रानजाई

पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे रेडिंगला जाणार आहे, फाँटहिल बघता येईल का? का नुसतं वाचूनच खूश व्हायचं?

एव्हनकाठी

ताई, मी बाथला राहतो म्हणून सांगतो. ॲबीचा उत्तरेकडचा एक छोटा तुकडा उरलाय, पण खाजगी मालकीत, त्याच्या भरवशावर जाऊ नका. नंतर त्या इस्टेटीत दुसरी ॲबी पण बांधली होती, ती १९५५ मध्ये पाडली. टिसबरीला ट्रेन जाते, त्या बाजूला चालायच्या वाटा सुंदर आहेत, गावं अजून शांत आहेत.

त्यापेक्षा बाथला या, रेडिंगहून थेट ट्रेन आहे. बेकफर्डने इथे लॅन्सडाउनच्या टेकडीवर १८२७ मध्ये दुसरा मनोरा बांधला, १२० फूट, वर सोनेरी मुकुटासारखा कळस. आर्किटेक्ट गुडरिज, हा पडला नाही! आत म्युझियम आहे, मोठी दुरुस्ती करून २०२४ मध्ये परत उघडलं, आणि जमैकाच्या गुलामांचा पैसा हा विषय तिथे ठळक मांडलाय, म्हणजे खडूसकाका पण येऊ शकतात. बाजूच्या स्मशानात त्याची गुलाबी ग्रॅनाइटची कबर आहे, स्वतःच डिझाइन केलेली. १८४४ ला गेला तेव्हा हीच जागा हवी होती पण तेव्हा ती जमीन पवित्र केलेली नव्हती म्हणून आधी दुसरीकडे पुरला, मग ती जागा विकली गेली, तिथे बिअर गार्डन निघालं, शेवटी मुलीने परत विकत घेऊन चर्चला दिली तेव्हा बापाला इकडे आणता आलं. जिना गोल आहे, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा.

रानजाई

गुडघ्यांचं काही खरं नाही, पण खालून तरी बघेनच. आणि ते बेलिनीचं चित्र?

ओलीमाती

ट्रफाल्गर स्क्वेअर, नॅशनल गॅलरी. पांढरा-सोनेरी झगा घातलेला म्हातारा डोज, निळी पार्श्वभूमी, दारात विचारलं तरी सांगतात कुठल्या खोलीत आहे ते. प्रवेश फुकट.